वाटेतलं कपाट

त्या खोलीत एकाने कूस बदलली की बाकीच्या चौघांनाही बदलावी लागे. एका भिंतीला ओटा, ओट्याला चिकटून न्हाणीचं दार, आणि मग जी काय जागा उरली तिच्यात पाच माणसांचा संसार. पलंग दिवसा भिंतीला टेकवून उभा करायचा आणि रात्री आडवा पाडायचा. न्हाणीचं दार पूर्ण उघडायचं असेल तर आजीला पाय वर घ्यावे लागत. पाहुणा आला की घरातल्या एकाने बाहेर जाऊन उभं राहावं असा रिवाजच पडला होता. हळूहळू पाहुण्यांनाच ते कळलं आणि त्यांनी येणं सोडलं.

घरचा कर्ता शहराच्या बसगाड्यांवर तिकीट तपासनीस होता. सगळा मजला त्याला 'तपासनीस' म्हणे आणि त्याच्या बायकोला 'तपासनीसवहिनी'. ती एका हॉटेलच्या धुलाईघरात चादरी इस्त्री करायची. घरात तपासनिसाची म्हातारी आई होती आणि दोन मुली. थोरली शाळेच्या शेवटच्या वर्षाला, धाकटी अजून पाढ्यांत अडकलेली.

प्रश्न थोरलीच्या अभ्यासाचा होता. पोरगी हुशार, पण बसणार कुठे? पलंगावर आजी, जमिनीवर धाकटीचा पसारा. मग ती स्वयंपाक उरकल्यावर ओट्यावरच चढून बसे. पाठ नळाला टेकलेली, पाय खाली लोंबकळत, मांडीवर पुस्तक. एका संध्याकाळी तिची गणिताची वही घसरून मोरीच्या पाण्यात पडली. शाई पसरली, वर्षभराची गणितं निळी होऊन वाहून गेली. पोरगी रडली नाही. तिने वही पिळली आणि खिडकीच्या गजांवर वाळत घातली. तपासनिसाला ती रडली असती तर बरं वाटलं असतं.

"टेबल पाहिजे तिला," तो म्हणाला.

"टेबल काय माझ्या डोक्यावर ठेवू?" बायको म्हणाली. तिचंही खोटं नव्हतं.

त्याची नजर कोपऱ्यातल्या कपाटावर गेली. लग्नानंतर दोघांनी मिळून घेतलेली ती पहिली वस्तू. चांगलं जाड पत्र्याचं, उंचीला छताला लागायला आलेलं, आत रजया, कपडे, भांडी, आजीची औषधं आणि जे कुठेच मावत नाही ते सगळं. कपाट हललं तर टेबलापुरता कोपरा मोकळा होत होता.

पुढच्या सुटीच्या दिवशी त्याने खालच्या मजल्यावरच्या दोघांना हाताशी धरलं आणि कपाट दाराबाहेर, मजल्याच्या बोळात आणून उभं केलं. जिन्यापासून शेवटच्या खोलीपर्यंत जाणारा तो एकच बोळ होता, आधीच अरुंद, एका टोकाला पत्र्याची खिडकी असलेला. कपाट भिंतीला लावल्यावर उरलेल्या जागेतून माणूस अंग चोरून जाऊ शकत होता. थोरलीला टेबल आलं. छोटंसंच, पण तिने त्यावर हात फिरवला तेव्हा तपासनिसाला आपण जग जिंकल्यासारखं वाटलं.

एका बापाचं ह्यात काय चुकलं, असं तुम्हीही विचाराल. त्यानेही स्वतःला हेच विचारलं आणि हेच उत्तर दिलं.

पण एकाचं बघून दुसरा शहाणा होतो. आठवडाभरात समोरच्या शिंप्याने आपलं धुलाई यंत्र बाहेर काढलं आणि कपाटाला खेटून नळाच्या पाइपाला साखळीने बांधलं. कुणी सायकल उभी केली, कुणी गाद्यांची वळकटी, कुणी चपलांची मांडणी. सगळ्यांच्याच खोल्या काड्यापेटीएवढ्या, आणि सगळ्यांकडेच काहीतरी अडचणीचं कारण होतं. कुणी काही म्हटलं, की उत्तर तयार असे, "आधी तपासनिसांना सांगा, मग आम्हाला."

बोलली ती एकटी ऑपरेटरबाई. ही बाई आयुष्यभर टेलिफोन खात्यात लोकांचे फोन जोडून देत होती. आता निवृत्त होऊन मधल्या खोलीत एकटीच राहायची. आवाज अजूनही खणखणीत.

"तपासनीस, हा बोळ आहे की मालगाडीचा डबा? उद्या कुणाला काही झालं, तर न्यायचं कुठून?"

"बाई, एवढ्याशा कपाटानं काय बिघडतंय? येता-जाता येतं ना?"

"धडधाकट माणसाला येतं."

"मग झालं तर." तपासनीस चिडला. "तुम्ही एकट्या राहता बाई. मन मानेल तिथं पाय पसरता. पाच जणांत राहून बघा, मग कळेल. ज्याचं जळतं त्यालाच कळतं."

बाईला ते लागलं होतं. तिने दार लावून घेतलं, आणि त्यानंतर बोळाबद्दल चकार शब्द काढला नाही.

बोळाच्या अगदी शेवटी, सगळ्या सामानाच्या पलीकडे, एक जोडपं राहत असे. नवरा वाद्यं दुरुस्त करायचा. व्हायोलिन, गिटार, जुनी ॲकॉर्डियन. मजला त्याला 'सूरवाले' म्हणे. अंगाने जाडसर, स्वभावाने लोण्यासारखा मऊ. वाद्याची पेटी डोक्यावर धरून, पोट आत ओढून तो कपाटापाशी आडवा व्हायचा आणि समोरून तपासनीस आला तर हसून म्हणायचा, "जाऊ द्या साहेब, तिकीट आहे माझ्याकडे!"

तपासनीसही हसायचा. कुणी हसून सोसलं की आपल्याला वाटतं, त्याला त्रासच होत नाही.

एकदा सूरवाल्यांची बायको दारात आली. ही बाई कुणाला काही सांगायचं म्हणजे आधी पदराशी चाळा करणारी. "भाऊ, राग मानू नका. ते कपाट जिन्याकडे थोडं सरकवता आलं तर बघा ना. आमच्या दाराला तिथूनच वळावं लागतं. ह्यांना हल्ली दम लागतो."

"बघतो वहिनी, ह्या सुटीला नक्की."

त्या सुटीला तपासनिसाला झोप लागली. पुढच्या सुटीला पाऊस होता. नंतर विसरला.

आणि मग ती दुपार आली.

तपासनीस घरीच होता. थोरली टेबलापाशी, आजी पलंगावर. बोळाच्या टोकाकडून काहीतरी पडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ सूरवालेवहिनींची हाक. ती हाक शब्दांत नव्हती. तपासनीस धावला. सूरवाले आपल्या खोलीत, अर्धवट उघडलेल्या वाद्यांच्या मध्ये, एक हात छातीवर दाबून पडले होते. चेहरा राखाडी झालेला, कपाळावर घामाच्या धारा. पण शुद्ध होती. डोळे तपासनिसाकडे बघत होते.

ऑपरेटरबाईने फोन केला. पत्ता, मजला, रुग्णाची अवस्था, सगळं तिने एका दमात सांगितलं. रुग्णवाहिका लवकर आली. ह्या गोष्टीत उशीर तिने केला नाही, हे लक्षात ठेवा.

दोन कर्मचारी स्ट्रेचर घेऊन धापा टाकत जिना चढले आणि बोळाच्या तोंडाशी थबकले.

"हे काय आहे?" त्यातली बाई म्हणाली.

स्ट्रेचर सायकलीपर्यंत आलं. सायकल उचलून कुणाच्या तरी खोलीत फेकली. वळकटी ओलांडली. कपाटापाशी स्ट्रेचर अडकलं. आडवं केलं, उभं केलं, तिरकं केलं. नाही म्हणजे नाही.

"कपाट काढा! ताबडतोब!"

तपासनिसाने खांदा लावला. शिंप्याने लावला. रजयांनी आणि भांड्यांनी ठासून भरलेलं कपाट बोटभर हललं आणि साखळीने बांधलेल्या धुलाई यंत्राला जाऊन भिडलं. साखळीच्या कुलपाची किल्ली शिंप्याच्या बायकोकडे, आणि बायको कामावर! तपासनीस वेड्यासारखा कपाटातलं एकेक बाहेर फेकू लागला. रजई, पातेलं, औषधांच्या बाटल्या. बोळात आणखीनच पसारा झाला.

शेवटी त्या दोघांनी सूरवाल्यांना चादरीत घेतलं आणि चादरीची टोकं धरून बोळातून आणायला लागले. कपाटापाशी आल्यावर सूरवाल्यांची मान एकाएकी कलली.

"खाली ठेवा! इथंच ठेवा!"

त्यांना तिथेच, कपाट आणि भिंत ह्यांच्या मधल्या चिंचोळ्या फटीत जमिनीवर ठेवलं. छाती दाबायची, तर बाजूला गुडघे टेकायला जागा हवी. जागा नव्हती. ती बाई एक पाय कपाटाच्या खाली सारून, वाकडी होऊन दाबत होती आणि दर दाबाला तिचा खांदा पत्र्यावर आपटत होता. धाड. धाड. धाड. तिचा जोडीदार हृदयाला झटका देणाऱ्या यंत्राची पिशवी घेऊन पायांकडे उभा. त्याला डोक्याकडे जायचं होतं. मध्ये माणूस, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला तपासनिसाचं कपाट.

"सरका हो! जागा करा!" तो ओरडला.

कुठे सरकणार? कोण सरकणार?

मग त्यांनी चादरीसकट सूरवाल्यांना जिन्याच्या तोंडापर्यंत फरफटत नेलं. तिथे चार हात मोकळे होते. तिथे ते यंत्र लागलं, तिथे दोघांना नीट बसता आलं. पुष्कळ वेळ ते झगडले. पण सूरवाले परत आले नाहीत.

थोरली दारात उभी राहून हे सगळं बघत होती. तिला आत घ्यावं, हे कुणाला सुचलंच नाही.

पुढचे दिवस मजल्यावर एकच वाक्य फिरत होतं, "वेळ आली होती बिचाऱ्याची." शिंपी म्हणाला, वेळ आली होती. सायकलवाला म्हणाला, वेळ आली होती. इस्पितळातल्या डॉक्टरांनीही सांगितलं होतं की झटका मोठा होता, कदाचित वाचलेही नसते. तपासनिसाने ते वाक्य उराशी धरून ठेवलं. कपाट बोळात तसंच होतं. फेकलेलं सामान तपासनीसवहिनींनी पुन्हा घड्या घालून आत लावलं होतं. धुलाई यंत्राची साखळीही तशीच होती. माणूस गेला आणि सामान राहिलं!

चार दिवसांनी तपासनीस कामावरून आला तर थोरली पुन्हा ओट्यावर चढून बसली होती. पाठ नळाला, मांडीवर पुस्तक. टेबल रिकामं.

"अगं, इथं का? टेबल काय शोभेला आणलंय?"

"मला तिथं नाही बसवत, बाबा."

"का?"

तिने मान वर केली नाही. "बसलं की धाड धाड ऐकू येतं."

तपासनिसाने बूटही काढले नव्हते. तसाच बाहेर आला आणि ऑपरेटरबाईच्या दारावर थाप मारली.

बाईने त्याला आत घेतलं. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच तिच्या खोलीत येत होता. खोली त्याच्या खोलीएवढीच होती. एक खाट, एक खुर्ची, एक टेबल.

"बाई, माझ्यामुळं गेले का हो ते?"

बाईने पाण्याचा पेला त्याच्यापुढे ठेवला. "डॉक्टर काय म्हणाले?"

"कदाचित वाचलेही नसते म्हणाले." तो घाईघाईने म्हणाला. "म्हणजे कपाट नसतं तरीही—"

"कदाचित," बाई म्हणाली. "कदाचित गेले असते, कदाचित राहिले असते. तो 'कदाचित' त्यांचा होता, तपासनीस. माणसाकडे शेवटी तेवढंच असतं. तो आपण त्यांच्या हातून काढून घेतला."

तपासनिसाचा राग उसळला. तो कुणावर होता हे त्यालाही कळेना. "मग आम्ही जायचं कुठं? ह्या खोल्या माणसांसाठी बांधल्यात का? कोंबड्यांनाही ह्याहून मोठी खुराडी असतात! माझ्या पोरीनं शिकूच नये का?"

"शिकावं. आणि खोल्यांबद्दल तुम्ही बोलताय ते सोळा आणे खरं. खोल्या लहान बांधल्या त्या मालकाने. पण बोळ लहान केला तो आपण. तळमजल्याची मोठी खोली भाडेकरूंच्या सामानासाठी होती. मालकाने तिला कुलूप ठोकून ती व्यापाऱ्याला दिली, तेव्हा आपण मूग गिळून बसलो. त्याच्याशी भांडायचं म्हणजे सगळ्यांनी एक व्हावं लागतं. ते अवघड. कपाट बाहेर ढकलणं सोपं. ज्याने जागा लुबाडली त्याच्याकडून परत घेता आली नाही, म्हणून आपण ती शेजाऱ्याकडून घेतली. तीही जो तोंड उघडत नाही अशा शेजाऱ्याकडून!"

बाहेर बोळातून कुणीतरी अंग घासत गेलं. कपाटाचा पत्रा कुरकुरला.

"आणि माझंही ऐका," बाईचा आवाज खाली आला. "मला त्या दिवशी तुमचं बोलणं झोंबलं. मी एकटी राहते, हे खरंच होतं. हे टेबल दिवसभर रिकामं असतं. 'पोरीला माझ्याकडे पाठवा' एवढं मी म्हटलं असतं, तर कपाट आतच राहिलं असतं. पण मी नियम सांगितला आणि दार लावलं. तुम्ही बोळ अडवलात, मी दार अडवलं. सूरवाल्यांच्या मरणात माझाही वाटा आहे."

तपासनीस ढसाढसा रडला. माणूस गेल्यापासून तो रडलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याने ते केलं जे कपाट हलवण्यापेक्षा जड होतं. तो सूरवालेवहिनींच्या दारात गेला. वहिनी खोलीत दुरुस्तीला आलेली वाद्यं एकावर एक रचत होत्या. ज्याची त्याला परत द्यायची होती.

"वहिनी, ते कपाट माझं होतं. तुम्ही सांगायला आला होतात. मी बघतो म्हणालो, आणि बघितलं नाही."

"मला माहीत आहे, भाऊ."

"पण तुम्ही तर… त्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, भाऊंनी किती धावपळ केली."

वहिनींनी व्हायोलिनची पेटी बंद केली. "म्हणाले. मला इथंच राहायचंय. एकटीनं. रोज तुमच्या दारावरून जायचंय. खरं बोलून मी कुठं जाऊ?"

क्षमा त्यांनी केली नाही. तपासनिसानेही मागितली नाही. मागण्याचा आपल्याला हक्क नाही, एवढं त्याला आता कळत होतं.

त्याच आठवड्यात कपाट गेलं. बायकोने त्यातलं निम्मं सामान काढून टाकलं. काही वाटलं, काही फेकलं. उरलेलं पलंगाखालच्या पेट्यांत भरलं. संसारातली पहिली वस्तू भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढली तेव्हा तिने तोंड फिरवलं, पण एका शब्दाने अडवलं नाही. थोरली आता शाळेतून आली की ऑपरेटरबाईकडे अभ्यासाला जाऊ लागली.

मजला लगेच सुधारला असं समजू नका. "तुमचं मन खातंय, आमचं का खावं?" असं शिंपी तोंडावर म्हणाला. तपासनीस त्याच्या दारात रोज संध्याकाळी जाऊन उभा राहू लागला. भांडला नाही, उपदेश केला नाही. फक्त म्हणायचा, "त्या बाईला गुडघा टेकायला जागा नव्हती. आठवतंय ना? मी कपाटापाशी होतो, तुम्ही यंत्रापाशी." एका संध्याकाळी शिंप्याने मुकाट्याने साखळी सोडली. सायकल खाली गेली, वळकट्या आत गेल्या. काहींनी कुरकुर केली, एकाने तर तपासनिसाशी कायमचं बोलणं टाकलं.

मग सगळे मिळून मालकाकडे गेले. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मालकाने आधी हसण्यावारी नेलं, मग खोली सोडा म्हणून दम दिला. पण सगळा मजला दारात उभा आहे, आणि त्यांच्यात पांढऱ्या चेहऱ्याची एक विधवा काही न बोलता त्याच्याकडे बघते आहे, हे त्याला फार दिवस सोसवलं नाही. तळमजल्याच्या खोलीचा अर्धा भाग अखेर मोकळा झाला. अर्धाच. उरलेल्या अर्ध्यासाठी ते अजून भांडताहेत. खोल्या मात्र आहेत तेवढ्याच आहेत. एकाने कूस बदलली की अजूनही सगळ्यांना बदलावी लागते.

सूरवालेवहिनी काही महिन्यांनी भावाकडे राहायला गेल्या. त्यांचं सामान उतरवायला सगळा मजला आला. मोठी पेटी चौघांनी चार बाजूंनी धरली आणि बोळातून, कुठेही न टेकवता, सरळ जिन्यापर्यंत नेली. वहिनी मागे उभ्या राहून तो रिकामा बोळ बघत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "किती रुंद आहे हो." आणि जिना उतरून गेल्या. तपासनिसाने मान वर केली नाही.

वाचकहो, तुमचं घर केवढं आहे हे मला माहीत नाही. लहानच असेल, ह्या शहरांनी आपल्यातल्या पुष्कळांना लहानच घरं दिली आहेत. ती मोठी करून मागण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि तो हक्क मिळून, मोठ्याने मागितला पाहिजे. पण तो मिळेपर्यंत आपली अडचण शेजाऱ्याच्या वाटेत नेऊन ठेवायची नाही. जागा कमी असेल तर मागा, कुणाकडे असेल तर त्याने द्यावी. गुपचूप घेऊ नका. आणि आज एवढं करा. दार उघडून बाहेर बघा. एका आजारी माणसाला चौघांनी उचलून न्यावं एवढी वाट तिथे आहे का? नसेल, तर उद्यावर टाकू नका.